जळगावच्या खाजगी एफएमचे सुरुवातीचे दिवस : कुणाकडे काही जपलेलं आहे का?

राम राम मंडळी, थोडी मदत हवी आहे. जळगावात खाजगी एफएम कसं रुजलं, यावर लिहितोय. कागदोपत्री भाग सोपा आहे: 2001 मध्ये बंगळुरूत देशातलं पहिलं खाजगी एफएम आलं, 2005 च्या दुसऱ्या टप्प्यातल्या धोरणानं लहान शहरांना वाट मिळाली आणि पुढे आपल्याकडेही 91.1 वर रेडिओ सिटी लागायला लागलं.

घोडं अडलंय ते आवाजापाशी. परवान्याच्या अटीत प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीनच महिने ठेवायचं बंधन. त्यापुढे कोण कशाला सांभाळतंय! स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, म्हणून सगळी मदार गाणी, गप्पा आणि जाहिरातींवर. मला खरा रस या जाहिरातींतच आहे. सराफ, साडीवाले, क्लासवाले यांच्या तेव्हाच्या जिंगल, दरपत्रकं, बिलं, अहिराणीतला एखादा तुकडा कुणाकडे आहे का? बिलावर सकाळचा स्लॉट की संध्याकाळचा, किती सेकंदांचा, हे दिसलं तर सोन्याहून पिवळं. फुले मार्केट, गोलाणीतल्या जुन्या दुकानदारांनी जरा कपाटं धुंडाळा ना भाऊ.

भुसावळ, एरंडोलकडे तेव्हा स्टेशन स्वच्छ लागायचं का, तेही सांगा. आकाशवाणी जळगावचं तूर्त नको, ते वेगळंच प्रकरण आहे.