राजमाचीवर पहाटेचा चहा, बर्नर न्यावा की थर्मास?

डोंबिवलीचा_भटक्या
डिसेंबरात आम्ही पाचजण लोणावळ्याहून चालत राजमाची करतोय, रात्री उधेवाडीत एका घरी मुक्काम आणि पहाटे राजमाचीच्या श्रीवर्धन किल्ल्यावर चढून उजाडताना तिथेच ताजा चहा करायचा असा बेत आहे. एकजण म्हणतो तीन दगड मांडू नि काटक्या पेटवू, दुसऱ्याकडे गॅसच्या कॅनवर बसणारा छोटा बर्नर आहे. दुधाचं काय करता तुम्ही लोक? आणि गुळाचा जमेल का? (गुळावरनं आमच्यात आधीच दोन पार्ट्या पडल्यात)

घाटमाथा
दगडांची चूल अजिबात नको. तेव्हा गवत पार वाळलेलं असतं, वर वारा, एक ठिणगी उडाली की अख्खा उतार पेटतो. आणि कड्याला आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात, मग पळणार कुठे? बर्नर असेल तर वाऱ्याच्या बाजूला सॅका रचा, भांड्यावर झाकण ठेवा. फक्त त्याला चहूबाजूंनी फॉईल गुंडाळू नका, कॅन तापून फुटू शकतो. आणि ट्रेनने येणार असाल तर गॅसचा कॅन रेल्वेत न्यायला बंदी आहे हे बघा.

आल्याचा_तुकडा
गूळ दुधाबरोबर उकळलात तर चहा नासतो म्हणूनच लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात. पाणी, आलं, चहा पावडर, गूळ सगळं नीट उकळून घ्या, खाली उतरवा आणि मग दूध घाला. दूध पावडरच न्या पण थेट भांड्यात टाकू नका, गुठळ्या होतात, कपात थोड्या कोमट पाण्यात कालवून ओता. नाहीतर गवती चहा आणि गूळ, बिनदुधाचा, वाद मिटला. मला तर डोंगरावर तोच आवडतो.

मावळी
एवढा संसार कशाला वर न्यायचा बाबांनो, जिथे राहताय त्या घरच्या ताईंना रात्रीच सांगून ठेवा, पहाटे थर्मास भरून देतात. काजव्यांच्या सीझनला गर्दी असते तशी थंडीत नसते, चार पैसे त्यांनाही मिळतात. आणि प्लीज कागदी कप वर टाकून येऊ नका, आतून प्लास्टिकचा थर असतो त्याला, स्टीलचे पेले न्या.

डोंबिवलीचा_भटक्या
ट्रेननेच येतोय म्हणजे बर्नर बाद. थर्मासमध्ये नुसतं उकळतं पाणी नेऊन वर गवती चहा टाकला तर?

आल्याचा_तुकडा
रंग येईल पण वास कमी. पाती घरीच कात्रीने बारीक कापून न्या आणि ताईंकडून पाण्यातच उकळून घ्या, थर्मास आधी गरम पाण्याने विसळून मग भरा. पाचजणांना लिटरभर पुरेल.

घाटमाथा
सव्वा लिटर ने, वर दुसरा कप सगळेच मागतात.