मॅनिफोल्डचा बोल्ट हेडात तुटलाय, जागेवर कसा काढायचा? (मदत हवी आहे)

तापीकाठ_चोपडा
ट्रॅक्टरचा बोल्ट तुटलाय. अर्धा हातात आला, अर्धा इंजिनच्या हेडात राहिला. रान नांगरून पडलंय, रोटाव्हेटर फिरवायचा बाकी आहे आणि मृग तोंडावर आलाय. मिस्त्री म्हणतो हेड उतरवून जळगावला न्या. तेवढा वेळ नाही. जागेवर काढायचा उपाय सांगा, लवकर. सतराचा बोल्ट आहे.

केळीबाग_रावेर
कुठला बोल्ट, दादा? हेडात म्हणजे सायलेन्सरकडचा का?

तापीकाठ_चोपडा
हो, सायलेन्सरचं मॅनिफोल्ड इंजिनला बसतं तिथला. हेड म्हटलं की तेच ना.

शिरपूरवाला
इझी आऊटचा, म्हणजे तुटका बोल्ट काढायच्या उलट्या आट्यांच्या दांड्यांचा सेट आणा. मधोमध ड्रिल मारा, इझी आऊट ठोका, उलटा फिरवा, बाहेर. माझा रोटाव्हेटरचा बोल्ट असाच निघाला, पाच मिनिटांचं काम.

जुना_फिटर_भुसावळ
थांबा, इझी आऊटला हात लावू नका. रोटाव्हेटरचा बोल्ट दगडाला पातं अडलं की ताणाने तुटतो, आट्यांत तो मोकळाच असतो. मॅनिफोल्डचा स्टड, म्हणजे हा बिनडोक्याचा बोल्ट, वर्षानुवर्षं भाजून, गंजून आट्यांत धरून बसलेला असतो. इझी आऊट निमुळता. जितका पिळाल तितका तो स्टडला आतून फुगवतो, म्हणजे आणखी घट्ट. आणि तो कडक पोलादाचा. आत मोडला तर साध्या ड्रिलची धार जाते, त्याला ओरखडाही येत नाही. मग कार्बाइडचं ड्रिल शोधा, नाहीतर ठिणगीने धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर द्या. त्यासाठी हेड उतरवावंच लागेल.
आता सांगा, सतराचा म्हणजे बोल्ट की पाना? तुकडा हेडाच्या बाहेर आहे, बरोबरीत आहे की खोल? हेड बिडाचं की अॅल्युमिनियमचं?

तापीकाठ_चोपडा
सतराचा पाना लागतो. तुकडा बरोबरीत आहे, बोट फिरवलं की खरखरीत लागतो, चिमट्याने धरण्यासारखं काही नाही. हेड बिडाचं, ट्रॅक्टर जुना आहे. एक बोल्ट नसला तर आठवडाभर चालवता येईल का?

अहिरानी_माणूस
चालाडू नको भाऊ. मना ट्रॅक्टरले असंच व्हयेल व्हतं. ग्यासकेट जळी गयं, मंग शेजारना स्टड बी तुटना. आतेच काढी ले.

जुना_फिटर_भुसावळ
सतराचा पाना म्हणजे बहुतेक १० मिमीचा स्टड. पण जुन्या मशीनवर इंची आटेही असतात. शेजारचा चांगला स्टड निघत असेल तर त्याच्या आट्यांत १० मिमीचा, १.५ पिचचा (म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी अंतर असलेला) नवा बोल्ट आडवा लावून उजेडाकडे धरा. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर पिच तोच. टॅप (आटे पाडायचं हत्यार) विकत घेण्याआधी एवढं कराच.

वेल्डर_अमळनेर
तुकडा बरोबरीत असेल तर वेल्डिंगच. ग्राइंडरची वायर ब्रश मारून स्टडचं तोंड चकचकीत करा. त्यावर वॉशर ठेवा, भोकातून स्टडला टाका भरा, मग वॉशरवर नट ठेवून तो आतून वेल्ड करा. वेल्डिंगची धग थेट स्टडमध्ये उतरते. तो फुगायला बघतो, भोवतीचं बीड फुगू देत नाही, थंड होताना तो आकसतो आणि गंजाची पकड सुटते. नट हा फक्त पाना लावायला, खरं काम ती धग करते. साध्या रॉडचा टाका बिडाला नीट धरत नाही, म्हणून हेडाला चिकटायची भीती कमी.
आधी बॅटरीच्या तारा काढा, अर्थ क्लॅम्प स्टडच्या जवळ लावा. डिझेलच्या नळ्या जवळ असतील तर काढून ठेवा, उरलेल्यावर ओलं गोणपाट टाका.

पारोळेकर
वेल्ड झाल्याबरोबर वरून गार पाणी ओता. झटका बसतो, लगेच सुटतो.

वेल्डर_अमळनेर
अजिबात नको! तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे तडा. मग हेडच नवीन आणावं लागेल.

पारोळेकर
आम्ही ट्रॉलीच्या हुकवर नेहमी करतो, काही होत नाही.

जुना_फिटर_भुसावळ
ट्रॉलीचा हुक बिडाचा नसतो, भाऊ. हेडाच्या आत पाण्याचे कप्पे असतात, भिंत पातळ असते. लाली आपोआप जाऊ द्या, कोमट राहिलं की आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढलं जातं. मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. एका दमात उलटा ओढला की पुन्हा तुटतो.

लेथ_जळगाव_एमआयडीसी
वेल्डिंगने नाही निघाला तर माझं ऐका. लेथवर एक बुश, म्हणजे पोकळ नळी करून घ्या. बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसेल असा, आतून ५ मिमी. बाकीच्या स्टडवर मॅनिफोल्ड कसून बसवा, त्या भोकात बुश घाला आणि त्यातून ड्रिल मारा. हाताने मारलं की ड्रिल मऊ बिडाकडे पळतं, बुशमुळे ते मधोमधच जातं. नंतर ८.५ मिमी, मग टॅप. भोक तिरकं गेलंच तर हेलिकॉइल (तारेचे तयार आटे) बसवा, आटे मूळ मापाचेच मिळतात.

शिरपूरवाला
एवढं कशाला? सरळ १२चा टॅप मारा, मोठा स्टड लावा.

लेथ_जळगाव_एमआयडीसी
मग मॅनिफोल्डचं भोकही वाढवावं लागतं. आणि भोक जिथे पाण्याच्या कप्प्याला लागून असतं तिथे वाढवताना पलीकडे फुटलं तर रेडिएटरचं पाणी आट्यांतून गळत राहील.

नंदुरबारी
मी तर म्हणतो केळी-कापसाला मिनी ट्रॅक्टर घ्या. डिझेल कमी लागतं, दोन ओळींतून आरामात जातो. बँक कर्जही देते.

केळीबाग_रावेर
विषय निघालाच आहे तर कुणी सांगेल का, रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट किती दिवसांनी कसायचे? माझे नट नेहमी ढिले पडतात.

वेल्डर_अमळनेर
पात्यांचं वेगळ्या धाग्यात विचारा. चोपड्याचे दादा, काय झालं?

तापीकाठ_चोपडा
निघाला! पहिला नट टाक्यातून सुटून आला. पुन्हा तोंड घासून, टाका खोल भरून दुसरा लावला. मेण लावल्यावर करकर आवाज झाला आणि पाना हलला. आट्यांत तांबडी भुकटी भरलेली होती. आतले आटे वरवर चांगले दिसतात. आता नवा स्टड लावून टाकू का?

जुना_फिटर_भुसावळ
छान काम झालं. आधी पिच जुळवून टॅप हाताने फिरवा, तेल लावून, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. फक्त घाण काढायची आहे, जोर लागला तर थांबा. मग हवा मारा. स्टडला तांब्याचं ग्रीस लावा, नट पितळेचे वापरा, पुढच्या वेळी नट सुटेल, स्टड तुटणार नाही.
आणि स्टड कशामुळे तुटला, ते बघा. मॅनिफोल्ड उतरवलाच आहे तर त्याच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी ठेवा. मधे फट दिसते का?

तापीकाठ_चोपडा
दिसते. मधे ब्लेड सरकतं.

लेथ_जळगाव_एमआयडीसी
मग मॅनिफोल्ड वाकलाय, कडेच्या स्टडवर तोच ताण येत होता. सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, फक्त मॅनिफोल्ड आणा. बसवताना नवं ग्यासकेट, मधल्या स्टडपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं कसत जा. एकदा इंजिन तापवून पूर्ण गार होऊ द्या आणि मग सगळे नट पुन्हा तपासा.