अँजिओटेन्सिनला मराठीत काय म्हणायचं?

प्राजक्त_७: बाबांच्या बीपीच्या गोळीवर टेल्मिसार्टन लिहिलंय, आतल्या कागदावर 'अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर'. त्यांना समजेल असा मराठी शब्द आहे का? आणि ह्यात टेन्सिन आहे म्हणून ते म्हणतायत की बघ, टेन्शनचीच गोळी आहे, तुम्ही मला त्रास देता त्याची 😅

खडीसाखर: नाही हो, हे टेन्शन डोक्यातलं नाही, रक्तवाहिनीतल्या दाबाचं. नावाची गंमत अशी की १९४० च्या सुमारास ब्युनोस आयर्समध्ये ब्राउन-मेनेंडेझ वगैरे संशोधकांना आणि अमेरिकेत पेजच्या टीमला एकच पदार्थ स्वतंत्रपणे सापडला, ब्युनोस आयर्सवाल्यांनी हायपरटेन्सिन म्हटलं, अमेरिकावाल्यांनी अँजिओटोनिन, आणि ते भिजत घोंगडं १९५८ पर्यंत, मग दोघांनी अर्धं अर्धं घेऊन अँजिओटेन्सिन केलं. असल्या तहातल्या नावाचं भाषांतर काय करणार, आहे तसंच ठेवा.

ओसरी: +१. बाबांना काम सांगा, नाव राहू दे. किडनीला रक्त कमी पडतंय असं वाटलं की ती रेनिन नावाचं एन्झाइम सोडते, ते लिव्हरकडून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं तो अँजिओटेन्सिन वन, त्याला एसीई नावाचं एन्झाइम आणखी छाटतं की झालं टू. हा टू खरा खट्याळ, रक्तवाहिन्या आवळतो, वर अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढवून मीठ-पाणी अंगात धरून ठेवतो. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदयाची भिंत जाड होते. 'प्रिल'वाल्या गोळ्या एसीईला अडवतात (काहींना कोरडा खोकला होतो तो ह्यांनीच), 'सार्टन'वाल्या टूला त्याच्या जागेवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसूच देत नाहीत.

प्राजक्त_७: हे समजलं. पण रेनिन तर चीज करताना वापरतात ना??

ओसरी: ते वेगळं, वासराच्या जठरातलं. इंग्रजीत त्याला एक एन जास्त, देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. किडनीवालं १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमननी सशाच्या किडनीच्या अर्कात पकडलं, तो अर्क दुसऱ्या सशाला टोचला तर दाब चढला. चीजवाल्याला कायमोसिन लिहावं, भानगडच नको.

खडीसाखर: रिसेप्टरला 'ग्राही' चालेल, 'ग्राहक' लिहू नका प्लीज, गोळी दुकान बंद करतेय असं वाटतं.

प्राजक्त_७: बाबांना तेच आवडलं 😂 म्हणतात दुकान बंद तर बंद, लोणचं खाऊ का?

ओसरी: नाही.