पुलावर सेन्सर बसवले की डोळ्यांनी तपासणी कमी करावी का?

गर्डर: माझं मत, नाही. अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन टिपणारा सेन्सर) लावून नैसर्गिक वारंवारता (पूल स्वतःहून सेकंदाला किती वेळा थरथरतो) मोजत बसायचं आणि ती घसरली की पूल खराब, हे कागदावरच छान दिसतं. स्वित्झर्लंडचा झेड-२४ पूल १९९८ मध्ये पाडण्याआधी वर्षभर मोजला. नुसत्या थंडीने डांबराचा थर कडक होऊन वारंवारता दहा टक्क्यांहून जास्त हलली. नंतर खांब मुद्दाम खचवला, तर फरक त्याहून कमी!

ताणमापक: मग तापमान वजा करा, सेन्सर कशाला फेकता? काँक्रीट दर अंशाला साधारण १० मायक्रोस्ट्रेन (एक म्हणजे लांबीचा दहा लाखावा भाग) प्रसरतं. पहाट ते दुपार १५ अंश चढले की १५० झाले, त्यात जाणाऱ्या ट्रकचे तीस-चाळीस कुठे शोधणार? म्हणून व्हायब्रेटिंग वायर गेजमध्ये (तारेच्या कंपनावरून ताण मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. तुलना ऊन पडण्याआधीच्या वाचनांची करायची आणि निदान एक पूर्ण वर्ष गेल्याशिवाय धोक्याची मर्यादा ठरवायची नाही. घाई तिथेच नडते. शिवाय इटलीतल्या जेनोआचा मोरांडी पूल कोसळला, १४ ऑगस्ट २०१८, ४३ बळी. त्याचे स्टे, म्हणजे पूल वरून तोलून धरणारे तिरके तारांचे जुडगे, काँक्रीटच्या आवरणात होते. डोळ्यांना आतली तार दिसते का? ध्वनी-उत्सर्जन सेन्सरला तार तुटल्याचा टक् आवाज कळतो.

गर्डर: कळतो, पण सेन्सर बसवल्यानंतर तुटलेल्या तारेचाच. आधीच्या तुटक्या कोण मोजणार? आणि अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा पूल कोसळला, २००७: पोलादी दांडे एकमेकांना जोडणाऱ्या अर्ध्या इंचाच्या गसेट प्लेट मुळातच पातळ होत्या. जुन्या फोटोंत त्या वाकलेल्या दिसतात. डोळ्यांनी पाहिलं होतं.

ताणमापक: पाहिलं, पण मोजलं नाही. माझा मुद्दा तोच.

गंजमीटर: दोघेही गंज विसरलात. हाफ-सेलने (पृष्ठभागावर टेकवायच्या संदर्भ-इलेक्ट्रोडने) काँक्रीटच्या आतल्या सळईचं विभव, म्हणजे व्होल्टेज, घेतात: सळई उघडी करून तार जोडायची, पृष्ठभाग ओला करायचा, मग चौकटी आखून ठराविक अंतरावर वाचनं. कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. पण कायम पाण्यात बुडालेल्या खांबावर हाच आकडा फसवतो. ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून विभव खूप ऋण येतं आणि सळई मात्र शाबूत.

गर्डर: म्हणजे शेवटी काँक्रीट फोडून सळई बघायचीच ना?

गंजमीटर: हो, पण आकड्यांनी दाखवलेल्या दोन-तीन जागीच. शंभर जागी नाही. आणि आधी सेन्सरच्या तारांच्या जोडणीची पेटी उघडून बघा, आत पाणी शिरलं असेल तर वाचन आपोआप सरकतं.