कॉमेंट्री करायला आधी टेस्ट खेळलेलं असायलाच हवं का? (हर्षा भोगले)

चौथी_स्लिप : २०१९ ला ईडन गार्डन्सवर बांगलादेशविरुद्ध आपली पहिली गुलाबी बॉलची, म्हणजे डे-नाइट टेस्ट चालू होती, हर्षा म्हणाला की बॉल नीट दिसतोय का हे बॅट्समनना विचारायला हवं, तर सोबत कॉमेंट्री करणाऱ्या माजी टेस्ट बॅट्समन संजय मांजरेकरांनी सुनावलं की विचारायची गरज तुला आहे, आम्ही खेळलोय. नंतर त्यांनी चूक मान्य केली पण मला ते अजून खुपतं. हर्षा म्हणजे हैदराबादच्या मराठी घरातला मुलगा, केमिकल इंजिनिअरिंग, मग आयआयएम अहमदाबाद, १९ व्या वर्षी आकाशवाणीवर कॉमेंट्री, १९९१-९२ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओनं बोलावलं, आणि हे सगळं एकही रणजी मॅच न खेळता. असा एक तरी माणूस कॉमेंट्री बॉक्समध्ये पाहिजेच.

आडवी_बॅट : नाही पटलं. मांजरेकरांचा सूर चुकला, मुद्दा नाही. ज्यानं १९८९ ला लाहोरला पाकिस्तानच्या इम्रान-वसीमसमोर २१८ काढले त्याला बॉल कधी दिसतो, कधी दिसत नाही हे अंगात मुरलेलं असतं. हर्षा बोलतो छान, पण मला मॅच बघताना छान बोलणं नको, बॅट्समन नेमका कुठं चुकला ते हवंय.

चौथी_स्लिप : अरे पण मांजरेकर गुलाबी बॉल कुठं खेळले? पहिली डे-नाइट टेस्टच २०१५ ला झाली, ॲडलेडला. म्हणजे तिथं विचारणं हेच बरोबर होतं! खेळलेल्या माणसाला वाटतं आपल्याला माहितीये, न खेळलेला विचारतो, आणि घरी बसलेल्या आपल्यालाही तेच विचारायचं असतं.

आडवी_बॅट : गुलाबी बॉलचं मान्य. पण मग त्यानं प्रश्न विचारावेत, उत्तरं खेळाडूंनी द्यावीत. आजकाल तोच टेक्निकवरही बोलतो ते मला जड जातं.

सायंकाळची_ओव्हर : तुम्ही दोघं २०१६ विसरताय. वर्ल्ड टी-२० मध्ये अमिताभ बच्चननी ट्विट केलं की भारतीय कॉमेंटेटरनं आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, धोनीनं दुजोरा दिला, आणि थोड्याच दिवसांत हर्षा आयपीएलच्या कॉमेंट्री पॅनलमधून बाहेर. कारण कुणी जाहीर सांगितलं नाही त्यामुळे मी जोडत नाही, पण माजी खेळाडूला बाहेर काढलं तरी त्याच्या नावावर रन्स असतात, याच्याकडं फक्त आवाज. तरी तो परत आला, ते लोकांना ऐकायचं होतं म्हणूनच ना?