जुन्या मथळ्यांमुळे खरंच काही घडलं, की आपण नंतर जोडलं?

रात्रपाळी
फसलेल्या जुन्या मथळ्यांच्या याद्या फिरत असतात. त्या वाचून हसू येतं, आणि यायलाच हवं. पण यादीच्या शेवटी ‘या मथळ्याने इतिहास बदलला’ असं जे ठोकून दिलेलं असतं, ते मला मान्य नाही. सगळ्यांत गाजलेलं उदाहरण घेऊ. ३ नोव्हेंबर १९४८ चा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’, पानभर मथळा: ‘ड्यूई डिफीट्स ट्रूमन’, म्हणजे ड्यूई यांनी ट्रूमन यांना हरवलं. प्रत्यक्षात अध्यक्षपदी निवडून आले ट्रूमन, ३०३ विरुद्ध १८९ प्रतिनिधी-मतांनी (अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यागणिक वाटलेल्या या मतांवर). वॉशिंग्टनला परतताना सेंट लुईस स्थानकात त्यांनी तोच अंक हसत हसत उंच धरला, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे.

आता हे झालं कसं ते बघा. ट्रिब्यूनचे जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे कामगार, १९४७ च्या नोव्हेंबरपासून संपावर होते. त्यामुळे मजकूर खिळ्यांत जुळवण्याऐवजी टंकलेखन यंत्रावर काढायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून छपाईचा ठसा कोरायचा, अशी रीत सुरू होती. यात पान नेहमीपेक्षा कित्येक तास आधी सोडावं लागे. पहिली आवृत्ती गेली तेव्हा पुरेसे आकडे आलेच नव्हते. हाताशी उरले जनमत चाचण्या आणि वॉशिंग्टनचे अनुभवी बातमीदार आर्थर सिअर्स हेनिंग यांचा अंदाज. त्याच पानावर पाच ओळी चक्क उलट्या छापल्या गेल्या आहेत, यावरून घाई कळावी. सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या, मग मथळा बदलला, विक्रेत्यांकडून अंक गोळा करायला माणसं धावली. पण मतदान आदल्या दिवशीच संपलं होतं. एक मत इकडचं तिकडे झालं नाही. दोष वेळापत्रकाचा, परिणाम शून्य.

पहिलं_पान
मतदानानंतरचा मथळा निवडून ‘मतांवर परिणाम नाही’ म्हणणं सोपं आहे. मतदानाच्या वर्षभर आधीचा घ्या. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. २९ ऑक्टोबर १९७५ ला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी भाषणात सांगितलं की शहराला वाचवण्यासाठी केंद्राने पैसे द्यावेत असं विधेयक आलं तर मी ते रोखीन. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’चा मथळा: ‘फोर्ड टू सिटी: ड्रॉप डेड’. म्हणजे फोर्ड शहराला सांगताहेत, मरा जाऊन. हे शब्द फोर्ड यांनी उच्चारलेच नव्हते. उलट दीड महिन्याच्या आत त्यांनी शहराला केंद्राचं कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली. ती सही कोणाच्या लक्षात आहे?

१९७६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची बेरीज करा. प्रतिनिधी-मतं कार्टर २९७, फोर्ड २४०. न्यूयॉर्क राज्याची मतं ४१. ती फिरली असती तर फोर्ड २८१ आणि कार्टर २५६, विजयाला हवीत २७०. मथळ्याने आपलं नुकसान केलं, असं फोर्ड स्वतःही मानत.

आकडेमोड
बेरीज बरोबर, निष्कर्ष कच्चा. राज्यातला फरक सुमारे २ लाख ८९ हजार मतांचा होता. त्याच्या निम्मी माणसं तरी वर्षापूर्वीच्या एका मथळ्यावरून फिरली हे दाखवायला फोर्ड यांनी आधीचे अध्यक्ष निक्सन यांना दिलेली माफी, महागाई, बेकारी हे सगळं आधी बाजूला काढावं लागेल. ते कोणालाच काढता येत नाही. हरलेला उमेदवार कारण सांगतो तेव्हा ते पुरावा म्हणून धरू नये.

पण रात्रपाळी, तुमचं ‘परिणाम शून्य’ही चूक. १९४८ च्या शेवटच्या गॅलप जनमत चाचणीत ड्यूई साधारण पाच टक्क्यांनी पुढे होते, प्रत्यक्षात जवळजवळ तेवढ्यानेच मागे पडले. दुसरे चाचणीकार रोपर यांनी तर सप्टेंबरातच चाचण्या थांबवल्या होत्या. पद्धत कोट्याची होती: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके कमी उत्पन्नाचे, आणि त्या चौकटीत कोणाला गाठायचं ते विचारणारा ठरवणार. साहजिकच तो सोयीची घरं धरायचा. या फजितीची अभ्यासकांच्या समितीने चौकशी केली आणि पुढे चाचण्या यादृच्छिक नमुन्याकडे वळल्या. चाचण्या चुकल्या म्हणून हे झालं, हे खरं. पण त्या फोटोने ती चूक कोणाला विसरू दिली नाही.

खिळेजुळारी
इतकं लांब कशाला जाता? ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या मथळ्यामुळे टिळकांना तुरुंग झाला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तारखा लावून पाहा. तो अग्रलेख जुलै १८९७ चा, रँडच्या खुनानंतरचा. खटला चालला तो १५ जून १८९७ च्या ‘केसरी’वर, त्यातल्या ‘शिवाजीचे उद्गार’ या कवितेवर आणि शिवजयंती उत्सवातल्या भाषणांच्या वृत्तान्तावर. शिक्षा दीड वर्षाची.

१९०८ चं आणखी बोलकं आहे. त्या वेळचे दोन लेख म्हणजे १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. दुसरा मथळा तर एखाद्या गळक्या छपराबद्दल वाटावा इतका सौम्य. त्यावर सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. गरजणाऱ्या मथळ्यावर खटला नाही, सौम्य मथळ्यांखाली मंडाले! सरकारी वकील मजकूर वाचतो, मथळ्यावर थांबत नाही.

पहिलं_पान
न्यायालयाचं ठीक आहे, पण सव्वाशे वर्षांनी आपल्या तोंडी कुठलं वाक्य आहे? गरजणारंच. लोकांच्या मनावर झालेला परिणाम तुम्ही परिणामांत धरतच नाही.

आणि वेळापत्रकाला दोष देणाऱ्यांसाठी टायटॅनिक. १५ एप्रिल १९१२, न्यूयॉर्कचा ‘इव्हनिंग सन’: टकरीनंतर टायटॅनिकवरचे सगळे वाचले. तोवर सुमारे दीड हजार माणसं बुडाली होती. नंतर दिलं गेलेलं स्पष्टीकरण असं की दोन बिनतारी संदेश एकमेकांत मिसळले: एकात विचारणा होती की प्रवासी सुरक्षित आहेत का, दुसरा एका बंद पडलेल्या तेलवाहू जहाजाला ओढून नेत असल्याचा. पण त्याच दिवशी सकाळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने काय छापलं? जहाज पुढच्या बाजूने बुडतंय, बायकांना होड्यांत उतरवलं, शेवटचा अस्पष्ट संदेश १२.२७ ला. व्यवस्थापकीय संपादक कार व्हॅन अँडा यांनी संदेश थांबले याचाच अर्थ लावला. सकाळच्या अंकाला हे जमलं, मग संध्याकाळच्या अंकाला वेळ नव्हता हे कसं मानायचं?

रात्रपाळी
हा मुद्दा मान्य. मात्र त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेला रेडिओ कायदा या मथळ्याच्या खात्यावर टाकू नका. छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हौशी लोकांच्या लुडबुडीबद्दल नौदलाची तक्रार आधीपासून होती. कायद्याने त्यांना परवाना सक्तीचा केला आणि २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं, कारण त्या निरुपयोगी समजल्या जात. १९२३ मध्ये हौशी मंडळींनी तिथूनच अटलांटिक पार संभाषण केलं.

ट्रिब्यूनबद्दल एवढंच म्हणेन: आकडे अर्धवट असताना मथळ्यात निकालाचं क्रियापद घालायचंच नाही. ‘ड्यूई आघाडीवर’ आणि खाली कितीपर्यंतची मोजणी ते. दुसऱ्या उमेदवाराचा मथळाही त्याच मापात तयार ठेवायचा, म्हणजे एकच ठसा बदलावा लागतो. संपातही हे जमण्यासारखं होतं.