सामाईक चराऊ माळाची कायदेशीर वाटणी

प्रश्न (माणदेशी):
माण तालुक्यातील आमच्या वाडीत ११ एकर २० गुंठ्यांचा माळ आजोबा व त्यांच्या तीन भावांच्या नावे होता. आता सातबाऱ्यावर चारही घरांची नावे सामाईक आहेत. कुसळीखेरीज तिथे फारसे उगवत नाही, तरी दोन घरांची मेंढरे तिथेच चरतात. एका घराला आपला चौथा हिस्सा तोडून कुंपण घालायचे आहे. पाणवठा उत्तरेच्या कोपऱ्यात एकच असून गाडीवाट दक्षिणेकडून येते. वाटप तहसीलदारांकडे होईल, की दावाच लावावा लागेल?

उत्तर (जुना_तलाठी):
माळाचा गट (जमिनीचा क्रमांकित तुकडा) खाजगी मालकीचा आहे, याची खात्री जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून आधी करावी. गावाच्या गुरांना मोफत चराईसाठी राखलेले गायरान असेल, तर त्याची वाटणी कोणालाच करता येत नाही, मग चार पिढ्या मेंढरे चरत असली तरी. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट बजावले आहे.

उत्तर (वकील_फलटण):
जमीन खाजगी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. सर्व सहधारकांचे जबाब संमतीचे असतील तर काम तिथेच होते. मात्र कोणी मालकीहक्काचाच वाद उपस्थित केला, तर दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत महसूल खात्याला वाटप करता येत नाही. न्यायालयाने हिस्से ठरवून हुकूमनामा दिला तरी, आकारी (शेतसारा आकारलेल्या) जमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच होते. आत्या आणि बहिणींची नावे वारसांत आहेत ना, हेही पाहावे. वाटप बहुधा तिथेच अडते.

माणदेशी:
बहिणींची नावे आहेत. परंतु एका घरात सहा वारस असून त्यांनाही स्वतंत्र तुकडे हवे आहेत.

वकील_फलटण:
चौथा हिस्सा म्हणजे ११५ गुंठे. त्याचे सहा भाग केल्यास प्रत्येकी १९ गुंठ्यांहून किंचित अधिक येतात. २०२३ पासून जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र (कायद्याने ठरवलेले किमान क्षेत्र) २० गुंठे असून, तुकडेबंदी कायद्याच्या कलम ८ नुसार त्याहून लहान तुकडा पडेल अशी वाटणी करता येत नाही. त्या घराने आपला हिस्सा आपसांत सामाईकच ठेवावा.

उत्तर (माळकरी):
कायद्याचे वर आले आहे. मला काळजी नकाशाची वाटते. चार सरळ पट्टे आखले की क्षेत्र जुळते, पण एकाच्या वाट्याला पाणवठा आणि खोलगटातले गवत येते, दुसऱ्याच्या वाट्याला नुसता खडक. अशा माळाची वाटणी गवत पाहूनच करावी. खडकाळ भाग घेणाऱ्याला काही गुंठे जास्त द्यावेत आणि तसे संमतीच्या जबाबात नोंदवावे. पाणवठा व तिथवरची वाट मात्र कोणाच्याही हिश्शात न टाकता सामाईक दाखवावी. वाटणीमुळे एखाद्या हिश्शाचा वापरच अशक्य होत असेल, तर सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १३ खाली आवश्यकतेपुरता वाटेचा हक्क मिळतो खरा, पण तो सिद्ध करताना वर्षे जातात. वाटेची रुंदी ठरवताना बैलगाडी नव्हे, मेंढरांचा कळप डोळ्यांसमोर ठेवावा. भूमी अभिलेख कार्यालयाच्या पोटहिस्सा मोजणीला (गटातील प्रत्येक हिश्शाच्या स्वतंत्र मोजणीला) चारही घरांनी हजर राहून त्याच दिवशी हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. त्याआधी कुंपणाचा एकही खांब उभा करू नये.